लोकापवाद आणि संघाची प्रतिष्ठा : विनयपिटकातील काही प्रसंग

‘विहाराचे नाव खराब होऊ नये’ या एका वाक्याने आपल्याकडे जितके प्रश्न मिटविले जातात, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या वाक्याने मिटविले जात असतील. हे वाक्य आम्ही स्वतः उच्चारलेले आहे. काही वर्षांपूर्वी एका विहाराच्या कार्यकारिणीवर आम्ही सभासद असताना सभागृहाच्या बांधकाम निधीचा हिशेब जुळेना. पावतीपुस्तकांतील जमा आणि बँकेतील शिल्लक यांत तफावत होती. तीन बैठका झाल्या. अखेरीस असे ठरले की, कोषाध्यक्षांनी प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा द्यावा, सभासदांनी वर्गणी काढून तूट भरावी आणि विषय चार भिंतींच्या आत राहावा. त्या ठरावाखाली इतरांबरोबर आमचीही सही आहे. पुढे दोन-अडीच वर्षांनी तेच गृहस्थ दुसऱ्या वस्तीतील विहाराच्या निधीचे काम पाहू लागले आणि तेथेही तेच घडले. त्या वस्तीतील एका वृद्ध उपासकांनी आम्हांस गाठून एवढेच विचारले, “तुम्हाला ठाऊक होतं ना?”

त्याच कार्यकारिणीने त्याच वर्षी आणखी एक निर्णय घेतला होता. वर्षावासात सायंकाळी होणाऱ्या ग्रंथवाचनाचे ध्वनिमुद्रण करून ते पाळीवर जाणाऱ्या कामगारांना आणि परगावी शिकणाऱ्या मुलांना भ्रमणध्वनीवर पाठवावे, अशी काही तरुणांची सूचना होती. ‘ग्रंथवाचन म्हणजे काय करमणूक आहे? लोक काय म्हणतील?’ असे म्हणून ती फेटाळण्यात आली. एका निर्णयात दोष झाकला गेला, दुसऱ्यात बदल अडविला गेला. कारण मात्र दोन्हीकडे एकच होते. धम्माच्या संस्थेने काळाबरोबर राहावे की आपले नाव जपावे, असा पेच आपण नेहमी उभा करतो. हा पेच नवा नाही. विनयपिटकात तो वारंवार आलेला आहे आणि तेथे त्याची जी उकल दिसते ती आपल्या सवयीपेक्षा पुष्कळच निराळी आहे. तिचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पालि विनयात लोकांच्या नाराजीसाठी तीन क्रियापदे एकत्र येतात : उज्झायन्ति, खीयन्ति, विपाचेन्ति. लोक कुरकुरतात, नावे ठेवतात, बोभाटा करतात. विनय शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही क्रियापदे इतक्या वेळा भेटतात की पहिल्या महिन्यातच ती त्याच्या तोंडी बसतात. आमच्या वर्गात एका विद्यार्थ्याने यावरून विचारले होते, “सर, त्या काळी लोकांना दुसरं काम नव्हतं का?” प्रश्न थट्टेचा असला तरी मुद्द्याचा होता. भिक्खू संघ जगत होता तो लोकांनी दिलेल्या भिक्षेवर. ज्यांच्या दारी रोज पात्र घेऊन उभे राहावयाचे, त्यांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करणे संघाला शक्य नव्हते, आणि भगवान बुद्धांनी तसे करावयास सांगितलेही नाही. वेरंजा येथे सारिपुत्तांनी शिक्षापदे घालून देण्याची विनंती केली तेव्हा, दोष प्रकट झाल्यावाचून शास्ता नियम करीत नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. पुढे सुदिन्नाच्या प्रसंगी पहिले शिक्षापद घालून दिले गेले, त्या वेळी नियमांची दहा प्रयोजने सांगण्यात आली. संघाचे हित व सुखविहार, निर्लज्जांचा निग्रह, सुशील भिक्खूंचे सौख्य, सद्धम्माची चिरस्थिती अशी ती आहेत. त्यांतील सातवे व आठवे प्रयोजन लोकांशी संबंधित आहे : ज्यांची श्रद्धा नाही त्यांच्या ठायी ती उपजावी, ज्यांची आहे त्यांची वाढावी. क्रमाला फार अर्थ देण्याचे कारण नाही. तथापि लोकांचा विश्वास हे नियमाचे एक रीतसर प्रयोजन मानले गेले, तसेच ते एकमेव प्रयोजन नव्हते, या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत.

आज आपण ज्याला वर्षावास म्हणतो त्याचा उगमच मुळी लोकांच्या कुरकुरीत आहे. महावग्गात सांगितले आहे की, राजगृह येथे भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत. हिरवे गवत तुडविले जाई, लहान जीव चिरडले जात. लोक म्हणू लागले की, इतर पंथांचे परिव्राजक पावसाळ्यात एका ठिकाणी राहतात, पक्षीदेखील झाडांच्या शेंड्यांवर घरटी बांधून राहतात, मग हे शाक्यपुत्रीय श्रमणच तेवढे का फिरतात? ही तक्रार भगवंतांच्या कानी गेली आणि वर्षावासाचा नियम झाला. उपोसथाची कथा याहून बोलकी आहे. इतर पंथांचे लोक चतुर्दशी, पंचदशी व अष्टमी या तिथींना एकत्र जमून धर्म सांगतात, लोक ऐकावयास जातात आणि त्यांच्याकडे ओढले जातात. आपल्या संघानेही तसे का करू नये, ही सूचना मगधराज बिंबिसाराची. ती मान्य झाली. भिक्खू त्या तिथींना जमू लागले, परंतु नुसते गप्प बसू लागले! धम्म ऐकण्याच्या आशेने आलेले लोक चिडून म्हणाले, हे तर मुक्या डुकरांसारखे बसले आहेत. तेव्हा जमून धम्म सांगण्याची अनुज्ञा झाली. ज्या प्रथेला आपण आज अत्यंत प्राचीन व अस्सल बौद्ध मानतो, ती दुसऱ्यांचे पाहून, एका उपासक राजाच्या सूचनेवरून स्वीकारलेली आणि लोकांच्या झणझणीत टोमण्याने दुरुस्त झालेली आहे. ध्वनिमुद्रणाची सूचना फेटाळली गेली त्या बैठकीत ही कथा आम्हांस आठवली असती तर बरे झाले असते.

तर मग लोक म्हणतील ते प्रमाण, असे समजावयाचे काय? त्याच महावग्गात याचे उत्तर आहे. संजयाचे शिष्य सारिपुत्त व मोग्गल्लान संघात आले, मगधातील अनेक प्रतिष्ठित कुलपुत्रही प्रव्रज्या घेऊ लागले. तेव्हा लोकांनी पुन्हा त्याच तीन क्रियापदांनी ओरड केली : हा श्रमण गोतम लोकांना अपत्यहीन करीत आहे, स्त्रियांना वैधव्य आणीत आहे, कुळे बुडवीत आहे. या वेळी कोणताही नियम झाला नाही. हा आवाज फार काळ टिकणार नाही, सात दिवसांत तो विरेल, असे भगवंतांनी सांगितले. आणि तथागत लोकांना सद्धम्माने नेतात, धम्माने नेले जाणाऱ्यांविषयी मत्सर कशाला, या आशयाचे उत्तर भिक्खूंनी द्यावे असे सुचविले. उदानातील सुंदरी परिव्राजिकेच्या प्रसंगीही सात दिवसांचाच उल्लेख आहे. तिचा खून करून प्रेत जेतवनात पुरले गेले आणि संघावर आळ आला. तेथेही घाईघाईने काही बदलण्यात आले नाही.

शब्द तेच, बोलणारे लोक तेच, तरी एके ठिकाणी नियम होतो आणि दुसरीकडे होत नाही. फरक तक्रारीच्या आशयात आहे. गवत तुडविले जाते, जीव मरतात, ऐकावयास आलेला माणूस रिकामा परततो, हे भिक्खूंच्या वागण्यातील उणे होते. माणसे आपल्या विचाराने धम्माकडे येतात, हे उणे नव्हते. मात्र येथेच थांबणे योग्य होणार नाही. मगधातील त्या ओरडीत एक खरी वेदनाही होती. राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाने पित्याचे दुःख बोलून दाखविले आणि आई-वडिलांच्या अनुमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये अशी विनंती केली, तेव्हा ती तत्काळ मान्य झाली. गलका दुर्लक्षिला गेला, त्यातील वेदना ऐकली गेली. (सात दिवसांचे माप सर्वत्र लागू पडत नाही, हे आपल्याइतके कोणास ठाऊक असणार! १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर उठलेला आवाज पुष्कळ वर्षे टिकला. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींत धर्मांतरित बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. तरी त्या आवाजाला भिऊन कोणी दीक्षा परत केली नाही.)

आता बदलाचा प्रश्न घेऊ. या बाबतीत आपल्या प्रदेशाला जवळची अशी कथा सोण कुटिकण्णाची आहे. अवंती जनपदात महाकच्चान थेर राहत होते. सोण हा त्यांचा उपासक. त्याला उपसंपदा हवी होती, पण त्यासाठी किमान दहा भिक्खूंचा गण लागे आणि त्या बाजूला भिक्खूच थोडे. दहा जण जमविण्यास तीन वर्षे लागली. पुढे सोण श्रावस्तीला भगवंतांच्या दर्शनास निघाला, तेव्हा महाकच्चानांनी त्याच्याजवळ पाच मागण्या पाठविल्या. अवंती-दक्षिणापथात भिक्खू कमी आहेत, तेथे लहान गणाने उपसंपदा देता यावी. तेथली जमीन वरून काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे, म्हणून अनेक पदरी तळांची पादत्राणे चालावीत. तेथले लोक स्नानाला महत्त्व देणारे आहेत, म्हणून रोज स्नान करता यावे. मेंढी, बकरी, हरिण यांची कातडी अंथरण्यास चालावी. पाचवी मागणी दुसऱ्याहाती पाठविलेल्या चीवराच्या हिशेबाची होती. पाचही मागण्या मान्य झाल्या. सीमाप्रांतांत विनयधरासह पाच जणांच्या गणाने उपसंपदा होऊ लागली. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानातून अनवाणी चाललेल्या आमच्या वाचकांना त्या मागण्यांतील दुसरी मागणी अधिक स्पष्ट करून सांगावयास नको.

या सवलतींत तत्त्व कोठेही सैल झालेले नाही. उपसंपदेला गण लागतो हे कायम राहिले, गणात विनय जाणणारा असावा ही अट वाढली. संख्या तेवढी कमी झाली. अड्ढकासीची कथा याच जातीची आहे. काशीची ही पूर्वाश्रमीची गणिका भिक्खुणी झाली आणि पुढील उपसंपदेसाठी श्रावस्तीला जावयास निघाली, तेव्हा वाटेत धूर्त लोक टपून बसल्याचे तिला कळले. तिला येता येत नाही, तर दूतीमार्फत उपसंपदा द्यावी, अशी अनुज्ञा झाली. तिच्या पूर्वायुष्याची चर्चा करीत कोणी बसले नाही. संघाच्या नावाला बट्टा लागेल असेही कोणी म्हटल्याचे त्या प्रकरणात आढळत नाही.

महापरिनिर्वाणाच्या वेळी भगवंतांनी आनंदांना सांगितले होते की, माझ्या पश्चात संघाला वाटल्यास त्याने लहानसहान शिक्षापदे रद्द करावीत. राजगृह येथे पाचशे भिक्खूंची पहिली संगीती भरली, तेव्हा आनंदांनी हे निवेदन केले. लहानसहान कोणती, असे विचारता, ते मी विचारले नाही, असे त्यांनी सांगितले. मग मतभेद झाले. कोणी म्हणाले चार पाराजिके सोडून बाकी सारी, कोणी म्हणाले तेरा संघादिसेसही सोडून बाकीची. अखेर महाकस्सपांनी ठराव मांडला. आपले नियम गृहस्थांनाही ठाऊक आहेत. आज आपण काही रद्द केले तर लोक म्हणतील की, श्रमण गोतमाने घालून दिलेले नियम ‘धूमकालिक’ होते, चितेचा धूर असेपर्यंतच टिकणारे होते. म्हणून नवे करू नये, जुने मोडू नये. संघाने मौनाने संमती दिली.

या निर्णयाविषयी आमचे मत संमिश्र आहे. शास्त्याच्या वियोगाचे दुःख ताजे होते. आता हे करा, ते करू नका असे सांगणारा कोणी उरला नाही म्हणून एका वृद्ध प्रव्रजिताने समाधान व्यक्त केलेले महाकस्सपांनी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. अशा घडीला कुलुपे उघडू नयेत असे जबाबदार माणसाला वाटणे स्वाभाविक आहे, आणि विनय आज आपल्या हाती आहे त्याचे पुष्कळसे श्रेय त्या ठरावाला दिले पाहिजे. परंतु ठरावाचे कारण पाहावे. हे नियम उपयुक्त आहेत, त्यांवाचून साधना बिघडेल, असे तेथे म्हटलेले नाही. लोक काय म्हणतील, एवढेच म्हटले आहे. वर्षावासाच्या वेळी लोकांचे बोलणे चौकशीचा आरंभ होते. येथे ते चौकशीचा शेवट झाले. शिवाय जे बोलणे अद्याप कोणी उच्चारलेच नव्हते, त्याच्या भीतीने शास्त्याने दिलेले स्वातंत्र्य संघाने बाजूला ठेवले. त्याच सभेत आनंदांना जे दोष लावण्यात आले, त्यांत स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी त्यांनी रदबदली केली हाही एक होता. थेरवाद परंपरेत भिक्खुणी संघ पुढे खंडित झाला. १९९६ मध्ये सारनाथ येथे आणि १९९८ मध्ये बोधगया येथे उपसंपदेचे विधी होऊन तो पुन्हा उभा राहू लागला, तेव्हा नियम मोडल्याचा आक्षेप पुन्हा घेतला गेला. अड्ढकासीसाठी जी वाट निघाली ती काढण्याचे सामर्थ्य संघात होते. ते कधी वापरावयाचे हे विचारण्याची सवय सुटली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात जे चार प्रश्न उपस्थित केले, त्यांतील चौथा भिक्खूविषयी आहे : संघ आदर्श मनुष्य घडविण्यासाठी की समाजसेवक घडविण्यासाठी? आमच्या समजुतीप्रमाणे राजगृहात जो विचार अर्धवट सुटला, तो या प्रश्नाने पुन्हा सुरू झाला.

मात्र बदलाला विरोध करणारे सगळेच भित्रे आणि बदल मागणारे सगळेच काळाचे जाणते, असे समजणाऱ्याला वैशालीची कथा अडविते. परिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी वैशालीच्या वज्जिपुत्तक भिक्खूंनी दहा नव्या रूढी चालविल्या होत्या. उपोसथाच्या दिवशी काशाचे पात्र पाण्याने भरून संघाच्या मध्ये ठेवीत आणि उपासकांना त्यात कहापण, अर्धा, पाव, मासक टाकावयास सांगत. काकंडकपुत्र यश थेर तेथे आले. त्यांनी उपासकांना उघड सांगितले, हे देऊ नका. रात्र उलटल्यावर पैशांची वाटणी झाली. यशांनाही वाटा देऊ केला, त्यांनी तो नाकारला. तेव्हा त्या भिक्खूंनी, यशांनी श्रद्धाळू उपासकांचा अपमान केला असा ठपका ठेवून, त्यांनी उपासकांची क्षमा मागावी असे दंडकर्म त्यांना लावले. लोकभावना दुखावल्याची तक्रार दोषी पक्षानेच केली, हा त्यातील विनोद सुज्ञांच्या ध्यानी येईल. यश गेले, पण क्षमा मागण्याऐवजी सोन्या-चांदीविषयी भगवंतांचे म्हणणे काय होते ते त्यांनी उपासकांसमोर मांडले. उपासकांना ते पटले. श्रमण म्हणावयास योग्य असे येथे यश एकटेच आहेत, असा निर्वाळा त्यांनी दिला.

मग यशांनी साहाय्य मागितले. त्यांच्या बाजूने आले ते पावाचे साठ आणि अवंती-दक्षिणापथाचे अठ्ठ्याऐंशी भिक्खू. पादत्राणे, स्नान, कातडी, लहान गण या सवलती ज्यांच्या पूर्वसूरींनी मागून घेतल्या होत्या, तोच हा प्रदेश! पायांत अनेक पदरी वहाणा घालणाऱ्यांनी पैशाच्या पात्राला विरोध केला. यात विसंगती नाही. जमीन कठीण आहे हे कारण कोणासही सांगता येते, पारखता येते. उपासकांकडून नाणी का हवीत याचे कारण त्यांच्यासमोर उघड मांडता येत नव्हते. निर्णयासाठी पूर्वेचे चार व पश्चिमेचे चार अशा आठ थेरांची समिती नेमली गेली, वालिकारामात एकेक मुद्दा विचारला गेला आणि पुढे सातशे भिक्खूंच्या संघासमोर तो पुन्हा विचारला गेला. ‘गुरूंनी असेच केले म्हणून करावे काय’ हाही दहांतील एक मुद्दा होता. काही वेळा चालेल, काही वेळा चालणार नाही, असे त्याचे उत्तर सब्बकामी थेरांनी दिले. परंपरेविषयी इतके सावध उत्तर आम्ही अन्यत्र क्वचितच वाचले आहे.

राहिला दोष झाकण्याचा प्रश्न. विनयाची भूमिका येथे स्पष्ट आहे. दुसऱ्या भिक्खूचा गंभीर दोष जाणूनबुजून लपविणे हे पाचित्तिय आहे. खोटा पाराजिक-आरोप करणे हा त्याहून मोठा दोष, संघादिसेस आहे. मेत्तिय-भुम्मजकांनी दब्ब मल्लपुत्तांवर कुभांड रचले, तेव्हा भगवंतांनी संघासमोर दब्बांनाच विचारले, त्यांचे म्हणणे ऐकले आणि त्यांना ‘सतिविनय’ देऊन निर्दोष ठरविण्यात आले. चौकशी झाली म्हणून निर्दोषाचे नावही शाबूत राहिले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आणि जेथे दोष खरा होता तेथे? देवदत्ताच्या बाबतीत संघाने ‘पकासनीय कम्म’ केले. यापुढे देवदत्त काया-वाचेने जे करील ते त्याचे, त्यात बुद्ध, धम्म वा संघ यांना पाहू नये, असे राजगृहात जाहीर करावयाचे ठरले. हे काम सारिपुत्तांकडे आले. ते अडखळले, म्हणाले, मी पूर्वी याच राजगृहात देवदत्ताची स्तुती केली आहे. ती खरी होती ना, असे भगवंतांनी विचारले. होय, म्हणताच, तसेच आता खरे ते जाहीर करा, असे त्यांना सांगण्यात आले. सारिपुत्त बऱ्याच भिक्खूंसह नगरात गेले आणि त्यांनी ते जाहीर केले. संघाची वाहवा लगेच झाली असेही नाही. देवदत्ताला मिळणाऱ्या लाभसत्काराचा यांना मत्सर वाटतो, असे काही लोक म्हणालेच.

सारिपुत्तांचे ते अडखळणे आम्हांस आता फार जवळचे वाटते. ज्या कोषाध्यक्षांचा सत्कार ज्या व्यासपीठावर आम्ही केला होता, त्याच व्यासपीठावरून निधीची तूट सांगावयाची कशी, हीच आमचीही अडचण होती. आम्ही प्रकृतीचे कारण पुढे केले.

वर्षावासाचा शेवट पवारणेने होतो. तीन महिने एकत्र राहिलेला प्रत्येक भिक्खू संघाला विनवितो की, माझे काही दोष दिसले असतील, ऐकले असतील वा शंका आली असेल तर सांगावे. थेरापासून नवख्यापर्यंत सर्वांनी ही विनंती करावयाची असते. गतवर्षी अश्विन पौर्णिमेला, ग्रंथवाचनाच्या समाप्तीनंतर, विहाराचा वर्षाचा जमाखर्च सर्वांसमोर वाचून दाखवावा आणि बांधकाम निधीचा जुना ठरावही वाचावा, अशी सूचना आम्ही केली. बरीच खळखळ होऊन ती मान्य झाली. ठराव वाचताना आमचे नाव आले तेव्हा सभागृहात कोणी काही बोलले नाही. मग प्रश्न विचारा, असे अध्यक्षांनी सांगितले. पहिला प्रश्न मागच्या रांगेतील एका उपासिकेने विचारला. तो मंडपाच्या भाड्याविषयी होता, आणि उत्तर देण्यासाठी आम्हांस पावत्यांची फाईल उघडावी लागली.